पाणीबाईंचा डावा गाल

शहराला पाणी पुरवणारे केंद्र एका टेकडीवर होते. तिथे गाळणीच्या हौदांच्या मागे तपासणीची एक लांबट खोली होती आणि तिच्यात एकच व्यक्ती बसत असे. हुद्द्याने त्या प्रयोगशाळा साहाय्यक होत्या. पण पंपघरातल्या मेकॅनिकपासून थोरल्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना पाणीबाई म्हणत. सकाळी ड्रायव्हर गावातल्या निरनिराळ्या नळांवर भरलेल्या बाटल्या आणून टेबलावर मांडी. पाणीबाई एकेका बाटलीतले पाणी काचेच्या नळीत घेत, त्यात औषधाचे थेंब टाकत, नळी खिडकीच्या उजेडात धरून रंग जुळवून पाहत, आकडा लिहीत आणि नळी विसळून उपडी ठेवत. पाणी बिघडले तर त्यांच्या खोलीकडे माणसांची रीघ लागे. पाणी चांगले असले तर त्यांची आठवण कुणालाही होत नसे; आणि पाणी बहुधा चांगलेच असे.

त्यांच्या डाव्या गालावर एक मोठा व्रण होता. हे वाक्य इथे जितक्या सहजपणे लिहिता आले, तितक्या सहजपणे ते त्यांच्या घरात कुणी कधीही उच्चारले नव्हते. लहानपणी त्यांनी एकदा आईला विचारले होते, "आई, हे काय आहे?" आईने भाजी चिरता चिरता म्हटले, "कुठे काय? काही नाही." पुन्हा एकदा विचारले, तेव्हा "लहान असताना पडली होतीस," असे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा विचारावेसे वाटले नाही, कारण आईचा चेहरा असा झाला होता की तिलाच काही लागले असावे. तेव्हापासून तो विषय बंद झाला. वडील बोलत नसत, थोरला भाऊ बोलत नसे, येणाऱ्या जाणाऱ्यांना बहुधा दारातच ताकीद मिळत असावी. जेवायला बसताना त्यांची जागा भिंतीकडेची असे. फोटो काढायचा झाला तर कुणीतरी लगबगीने एखादे तान्हे मूल त्यांच्या कडेवर देई आणि ते मूल नेमके डाव्या कडेवर दिले जाई. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले की व्रण असे. आत आले की नसे. शाळेत पोरांनी काय नावे ठेवली, बघायला आलेली स्थळे चहाचा कप अर्धा टाकून का उठली, हे त्यांना चांगले समजत होते. पण घरी त्याचा अर्थ नेहमी निराळाच लागे. "त्यांना नोकरी करणारी मुलगी नको होती," आई म्हणे. "बरं झालं, घमेंडखोरच होते मेले."

वडील लवकर गेले. दादाने लग्न करून वेगळे बिऱ्हाड केले. आई मात्र पिकल्या पानासारखी पुष्कळ वर्षे टिकली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मायलेकींनी एकमेकींना सांभाळले. शेवटच्या आजारात आईला दिसेनासे झाले, तेव्हा ती चाचपडत लेकीच्या तोंडावरून हात फिरवी. उजव्या गालावरून फिरवी, कपाळावरून फिरवी. डाव्या गालापाशी आला की तो हात उचलला जाई.

आई गेल्यावर पाणीबाईंनी वर्षभर काहीच केले नाही. मग एके दिवशी रजेचा अर्ज दिला आणि व्रणाची शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरकडे एकट्याच गेल्या. आई असती तर ते शक्यच नव्हते. जे नाही ते काढून कसे टाकणार? डॉक्टरांनी विचारले, "हे कशानं झालं?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. घरी कधी बोलणं झालं नाही." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले आणि कागदावर लिहिले : जुना व्रण, कारण रुग्णास ठाऊक नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचा फोटो घेण्याची तिथली पद्धत होती. पाणीबाईंनी हात आडवा केला. "फोटो नको. तसं लिहून देते हवं तर." त्यांनी तसे लिहून दिले. आयुष्यभराची सवय ती. एका दिवसात कशी जाणार?

दोन वेळा टेबलावर झोपावे लागले. मधले महिने पट्टी बांधून काढले. शेवटी पट्टी निघाली तेव्हा गालावर एक बारीक, फिकट रेघ उरली होती आणि तोंडाचा डावा कोपरा, जो सदैव वर ओढल्यासारखा असे, तो जागेवर आला होता. पंपघरातला मेकॅनिक हातातला पाना तसाच धरून म्हणाला, "बाई! ओळखलंच नाही! काय, आता रिटायर व्हायच्या वेळेला लग्नाबिग्नाचा विचार आहे की काय?" पाणीबाई म्हणाल्या, "तुझ्या पंपाचा आवाज आधी बंद कर, मग वऱ्हाडात घेते तुला." त्या दिवशी त्यांचे आकडे एकदा चुकले आणि पुन्हा लिहावे लागले.

सुट्टीच्या दिवशी त्या दादाकडे गेल्या. दादा बस आगाराच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झालेला. नाकासमोर चालणारा, शब्दाचा पक्का माणूस. दार वहिनीने उघडले. क्षणभर तिचा हात कडीवरच राहिला. मग ती म्हणाली, "या ना, वन्सं. उन्हाच्या आलात."

दादाने वर्तमानपत्र बाजूला केले, बहिणीकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाला, "बस. गर्दी होती का वाटेत?"

जेवणे झाली. चहा झाला. पावसापाण्याच्या, जिन्यातल्या दिव्याच्या, शेजारच्यांच्या कुत्र्याच्या गोष्टी झाल्या. पाणीबाई खिडकीच्या उजेडात डावी बाजू करून बसल्या. वहिनीला राहवेना. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही जराशा..." आणि नवऱ्याकडे बघून वाक्य वळवले, "...बारीक झालात का हो?"

"नाही," पाणीबाई म्हणाल्या. "वजन तेवढंच आहे."

ज्यांनी व्रण कधी पाहिलाच नव्हता, त्यांना तो गेलेला कसा दिसणार? घरी परतताना पाणीबाईंना हे तर्कशास्त्र इतके बिनचूक वाटले की बसमध्ये त्यांना हसू आले. हसताना तोंड ओढले गेले नाही. समोर कुणी ओळखीचे नव्हते.

आता कराची गोष्ट. पगारदार माणसाला औषधोपचाराचा मोठा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करून मिळण्याची सोय होती, आणि पाणीबाईंनी विवरणपत्रात तो खर्च उपचार म्हणून दाखवला होता. त्यात काही वावगे आहे असे त्यांच्या मनातही आले नाही. काही महिन्यांनी कर कार्यालयाची नोटीस आली. खर्च नामंजूर. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : सौंदर्यवर्धन.

ज्या बाईने आयुष्यात पावडरीचा डबा विकत घेतला नाही, आरशासमोर केसांना गाठ मारण्यापुरतीच जी उभी राहिली, तिने हा शब्द दिव्याखाली दोनदा वाचला. नोटीस घेऊन त्या करसल्लागाराकडे गेल्या. औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो बसे. गोल पोटाचा, गोड जिभेचा माणूस.

"बाई, कायद्याच्या लेखी चेहरे दोनच प्रकारचे," तो म्हणाला. "दुरुस्त केलेले आणि सजवलेले. दुरुस्तीला सूट आहे, सजावटीला नाही. जन्मजात व्यंग असेल, अपघात असेल, रोगानं विद्रूपता आली असेल, तर ती दुरुस्ती. बाकी सगळी हौस."

"मला हौस नव्हती."

"मला दिसतंय हो. पण माझ्या डोळ्यांवर ते शिक्का मारत नाहीत. डॉक्टर म्हणतात कारण माहीत नाही. आधीचा फोटो?"

"नाही."

"घरचा एखादा? लग्नकार्यातला?"

"सगळ्यांत माझ्या कडेवर कुणाचं तरी मूल आहे."

सल्लागार थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिला. "सोडून द्या," तो म्हणाला. "फरक काही फार पडत नाही. कर भरा, मोकळ्या व्हा."

"कर भरते. तो शब्द तेवढा बदलून द्या."

"बाई, पैसे भरायला पुरावा लागत नाही. शब्द बदलायला लागतो." मग त्याने आवाज खाली आणला. "अपघात कसा झाला, व्रण केवढा होता, हे प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का? सुनावणीला येऊन सांगेल असं? रक्ताचं माणूस असलं तरी चालेल."

पाणीबाईंनी विचार केला. व्रण पाहणारे हजारो होते. शाळेतली पोरे, बसमधले प्रवासी, चहा अर्धा टाकून उठलेली माणसे. अपघात पाहणारे जिवंत माणूस मात्र जगात एकच होते, आणि त्याने काहीच पाहिलेले नव्हते.

त्या दादाकडे गेल्या. या वेळी चहा येण्याआधीच बोलल्या. नोटीस त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "दादा, माझ्या गालाला काय झालं होतं ते तुला माहीत असेल. ते तिथे येऊन सांगायचं आहे."

दादाने नोटीस वाचली, घडीवर घडी घालून परत केली. "तुझ्या गालाला काही झालं नव्हतं."

"दादा."

"काही नव्हतं, चिमे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, आता काय लपवायचं? गेलंय ते. त्यांनी काढून टाकलंय. आंधळ्यालाही दिसेल!"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी इतकी वर्षं मध्येच उभी आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलंत की वन्संच्या तोंडाकडे बघायचं नाही. नवी नवरी मी! मी आठ दिवस त्यांच्या पायांकडे बघून बोलले. त्यांना वाटलं असेल, ही बया चपलांवर डोळा ठेवून आहे."

पाणीबाईंना ते आठवत होते. त्यांना तेव्हा तसेच वाटले होते.

दादा उठून खिडकीशी गेला. "मी आईला शब्द दिलाय," तो पाठमोरा म्हणाला. "तिच्या शेवटच्या दुखण्यात तिनं पुन्हा घेतलाय माझ्याकडून. ती गेली म्हणून तो संपत नाही. माझ्या तोंडून ते यायचं नाही. तुला पैशाची अडचण आहे का? मी देतो."

"पैशाचं नाही रे. तिथे लिहिलंय की मी नटले. या वयात. एकटीनं, गुपचूप जाऊन, नटून आले."

"लिहू दे. तू कशी आहेस ते मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?" पाणीबाईंचा आवाज चढला, तो त्या घरात कधी चढला नव्हता. "माझं तोंड कसं होतं हे ठाऊक नाही म्हणतोस, तर मी कशी आहे हे कुठून ठाऊक असणार?"

दादा वळला नाही. वहिनीने गॅस बंद केल्याचा आवाज आला. पाणीबाईंनी पिशवी उचलली. मागून दादा एवढेच म्हणाला, "जिन्यात दिवा नाही. जपून जा."

सुनावणीची तारीख त्यांनी फोनवर फक्त वहिनीला सांगितली होती; त्या दिवशी सकाळी त्या एकट्याच निघाल्या. कर कार्यालयाचा जिना रुंद होता आणि मधोमध झिजलेला होता. वरच्या व्हरांड्यात बाकावर, इस्त्रीचा कोट घातलेला, गुडघ्यांवर हात ठेवलेला दादा बसला होता. बहुधा कार्यालय उघडण्याआधीच आला असावा. पहाऱ्यावरच्या शिपायाशी त्याची ओळख झालेली दिसत होती. बहिणीला पाहून तो उठला आणि कोटाची बटणे लावली. दोघांनीही काही विचारले नाही.

अधिकारी बाई मध्यम वयाच्या होत्या. त्यांना सडकून सर्दी झाली होती. थर्मासमधल्या गरम पाण्याचे घोट घेत, रुमाल नाकाला लावत त्यांनी कागद चाळले. भिंतीला फायलींची कपाटे होती, खिडकीत एक कुंडी होती, आणि कुंडीत रोपाऐवजी पेन्सिली खोवल्या होत्या.

"तुम्ही यांचे थोरले भाऊ," त्या म्हणाल्या. "यांच्या चेहऱ्यावर काय होतं?"

दादा ताठ बसला होता. "काही नव्हतं."

अधिकारी बाईंनी रुमाल खाली घेतला. "काहीच नव्हतं?"

"नाही."

"मग डॉक्टरांनी दोन वेळा कशाची शस्त्रक्रिया केली?"

दादाने हात गुडघ्यांवरून उचलून पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.

"हे बघा," अधिकारी बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्ही यांच्या बाजूनं आलात की माझ्या? तुमचं हे उत्तर लिहून घेतलं, तर हे प्रकरण मला आत्ताच मिटवता येईल."

"मी आईला शब्द दिलाय."

"आई आहेत?"

"नाहीत."

"मग शब्द कुणापाशी आहे?"

"माझ्यापाशी."

पाणीबाईंनी भावाकडे पाहिले. त्याच्या मानेवरची शीर उडत होती, आणि हा माणूस आता म्हातारा झाला आहे हे त्यांच्या प्रथमच लक्षात आले. त्या उठल्या. "मी बाहेर जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर बोलायचं नाही, एवढाच शब्द असेल ना? मी नसताना सांग. मी विचारणार नाही काय बोललास ते."

त्या दारापर्यंत पोहोचल्या असतील. दादा म्हणाला, "बस."

त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"बस म्हणतो ना. तुझ्या पाठीमागे तर आम्ही जन्मभर बोललो. बस, चिमे."

मग त्याने सांगितले. तो अधिकारी बाईंकडेही पाहत नव्हता आणि बहिणीकडेही नाही. तो त्या पेन्सिलींच्या कुंडीकडे पाहत होता. घरापुढच्या रस्त्याचे काम चालले होते. डांबराचे पिंप चुलीवर चढवले होते आणि कामगार झारीने उकळते डांबर खडीवर ओतत होते. ही चार वर्षांची, तो अकरा वर्षांचा. पोरीला त्या काळ्या, चकचकीत धारेची फार मौज वाटे. ती जवळ गेली, कामगाराचा पाय घसरला, झारी कलंडली.

"गालावर बसलं. आई धावत आली. कामगार ओरडत होता, बाई, ओढू नका, पाणी ओता, ओढू नका. पण तिला ते काळं बघवेना. तिनं मला सांगितलं, हिचे हात धर. घट्ट धर. मी धरले. आईनं ते ओढून काढलं. डांबराबरोबर सगळं निघालं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थंड करून तसंच आणलं असतंत तर एवढं झालं नसतं. आईसमोरच म्हणाले. तिनं ते ऐकलं."

अधिकारी बाई लिहीत होत्या. त्यांचे पेन क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले.

"त्या दिवशी तिनं आम्हाला सांगितलं, या घरात याविषयी अवाक्षर काढायचं नाही. लोकांना वाटायचं पोरीला वाईट वाटू नये म्हणून. ते होतंच. पण मोठी झाली की विचारेल, कशानं झालं, आणि मग सांगावं लागेल कुणी केलं."

"व्रण केवढा होता?" अधिकारी बाईंनी हळूच विचारले. "मला लिहावं लागेल."

"डोळ्याखालून जबड्यापर्यंत. कातडी आक्रसलेली, तकाकणारी. ओठाचा कोपरा वर खेचलेला. हसली की जास्त खेचला जायचा, दात दिसायचे. म्हणून आम्ही हिच्यासमोर कधी थट्टामस्करी करत नसू. माझी मुलगी पहिल्यांदा हिच्या कडेवर गेली तेव्हा किंचाळली. आम्ही सांगितलं, दात येताहेत. स्थळं यायची, त्यांना आई आधी जाऊन विनवायची. एकाच्या पाया पडली होती."

पाणीबाई ऐकत होत्या. आपले घर अबोल, आपली माणसे मुळातच रुक्ष, असे त्या आजवर समजत आल्या होत्या. आगारातले जुने सोबती दादाने केलेल्या नकला सांगून पोट धरून हसत, तेव्हा त्या म्हणत, हा माझा भाऊ नव्हेच. त्या हसवणाऱ्या माणसाला आगारातच ठेवून दादा रोज घरी जेवायला येत होता. हे सारे एका फटक्यात कळले. त्यांना जी साक्ष हवी होती ती पूर्ण झाली होती; मागितली होती त्याहून अधिक झाली होती. साऱ्या जगात एक घर असे होते की जिथे त्यांच्या गालावर कधीच काही नव्हते. ते घर त्यांनी स्वतःच्या हाताने, अर्ज करून, साक्षीदार बोलावून पाडले होते.

"सही करा इथं," अधिकारी बाई दादाला म्हणाल्या. मग पाणीबाईंकडे वळून, काहीतरी बोलायला हवे म्हणून की काय, म्हणाल्या, "आता छान दिसतं. खरंच."

जिना उतरताना दोघांमध्ये दोन पायऱ्यांचे अंतर होते. फुटपाथवर आल्यावर दादाने विचारले, "झालं तुझ्या मनासारखं?"

"झालं."

"आईला दोष देऊ नकोस."

"देत नाही रे."

"देऊ नकोस," तो पुन्हा म्हणाला, जणू त्याने पहिले उत्तर ऐकलेच नव्हते. त्याची बस आधी आली. वेळापत्रके आखण्यात हयात गेलेला तो माणूस पायरीवर चढताना बसचा क्रमांक बघायला विसरला, वाहकानेच त्याला विचारले, "आजोबा, कुठं जायचंय?" आणि दार बंद झाले.

निकाल यथावकाश आला. खर्च मंजूर. कारणाच्या रकान्यातला जुना शब्द गेला होता आणि त्या जागी लिहिले होते : अपघातजन्य विद्रूपतेची दुरुस्ती. पाणीबाईंनी तो कागदही दिव्याखाली वाचला. एका शब्दाला नको म्हटले तर हा दुसरा आला. तो खरा होता, एवढेच. सल्लागाराने फोनवर अभिनंदन केले. "बाई, तुमच्यासारखा पक्षकार पाहिला नाही. लोक रकमेसाठी भांडतात." पेढीवर आल्यावर चहा पाजण्याचे त्याने कबूल केले. टेकडीवरच्या मेकॅनिकला त्यांनी काही सांगितले नाही. त्या दिवसापासून दादाकडून मात्र काहीच निरोप नव्हता. त्यांनी एकदा फोन केला, तर वहिनीने घेतला. "ते ना, वन्सं, कुणाशीच बोलत नाहीत हल्ली. जेवतात, फिरून येतात. मी म्हटलं डॉक्टरकडे चला, तर म्हणतात, मला काही झालेलं नाही."

"आमच्याकडे कुणाला काही होत नसतं," पाणीबाई म्हणाल्या, आणि वहिनी आधी हसली, मग गप्प झाली.

दिवस सरळ जात होते. बाटल्या येत होत्या, रंग जुळत होते, पाणी चांगले होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्या एका माणसाचा स्वयंपाक करत आणि जेवताना ताट सवयीने भिंतीच्या बाजूला घेत. हात धुताना आरशात गाल दिसे. हे बोट आईचे नव्हे, असे म्हणत त्या गालावरच्या रेघेवरून बोट फिरवीत. पण आईचे बोट कसे लागले असते, याचा अंदाज त्यांना कधी बांधता आला नाही. तिने जे ओढून काढले होते, त्याचा त्यांना राग येत नव्हता. राग येण्यासाठी आठवण लागते. ती नव्हती, फक्त घट्ट धरलेल्या हातांविषयी ऐकल्यापासून मनगटांना उगाचच काहीतरी जाणवे.

एका संध्याकाळी त्या कपडे वाळत घालत असताना फोन वाजला. ओल्या हातानेच त्यांनी तो उचलला. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"दादा?"

"हं."

"वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे." मागे दूरचित्रवाणीचा आवाज होता, तो कुणीतरी लहान केला. मग दादा म्हणाला, "चिमे, एक विचारू का?"

"विचार ना."

"दुखायचं का गं?"

पाणीबाईंनी दोरीवरचा एक चिमटा काढला आणि हातात धरून ठेवला. चोपन्न वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता. घरच्यांनी नाही, कारण काही झालेच नव्हते. बाहेरच्यांनी नाही, कारण त्यांना फक्त दिसत होते. उत्तर त्यांच्यापाशी कधीपासून तयार असणार असे त्यांना वाटले होते. पण तोंड उघडल्यावर शब्द सापडायला वेळ लागला. दादाने घाई केली नाही.

"थंडीत खेचायचं," त्या म्हणाल्या. "जेवताना डावीकडून चावता यायचं नाही."

"मग उजवीकडून खायचीस?"

"उजवीकडून. हळूहळू."

"आम्हाला वाटायचं, तुला खायचा कंटाळा आहे. आई ओरडायची तुला."

"ओरडायची."

"आणखी?"

पाणीबाई फोनशेजारच्या स्टुलावर बसल्या. ओले कपडे बादलीतच राहिले. "आणखी उन्हात चुरचुरायचं," त्या म्हणाल्या. "उन्हातनं शाळेतून यायचं म्हणजे... थांब, सांगते. तुला वेळ आहे ना?"

"आहे," दादा म्हणाला. "सांग."